पॉलिसी पेटीत राहिली, संसार पुढं गेला

(सामुदायिक रेडिओवर बायांसाठीच्या कार्यक्रमात झालेलं हे बोलणं. ज्यांचं ऐकायचं राहून गेलं त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी आपापली पॉलिसी मांडीवर घेऊन ऐकावं.)

दुपारची भांडी झाली असतील, नसतील तर घासता घासता ऐका. मी बँक सखी म्हणून आपल्या भागातल्या गटांचं काम बघते. विम्याची एजंट नाही. मला तुम्हाला काही विकायचं नाही. तुमच्या घरात आधीच विकली गेलेली जी वस्तू आहे, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे.

ही वस्तू म्हणजे विम्याची पॉलिसी. बहुतेक घरांत ती लोखंडी पेटीच्या तळाशी असते. लग्नाचा शालू, सातबारा, पोरांचे दाखले, आणि त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली पॉलिसी. एकदा काढली, पिशवीत घातली, की तिच्याकडे कुणी बघत नाही. हप्ता मात्र भरत राहतो.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत मी म्हटलं, "पुढच्या वेळी सगळ्यांनी आपल्या घरातल्या पॉलिसी घेऊन या." बाया घेऊन आल्या. सतरंजीवर सगळ्या पॉलिसी उघडल्या आणि एकेक गोष्ट बाहेर पडायला लागली. एकीच्या नवऱ्याच्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून त्याच्या वडिलांचं नाव. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. दुसरीच्या पॉलिसीवर तिचं माहेरचं नाव, बँकेच्या पासबुकावर सासरचं. तिसरीने दोन वर्षं हप्ताच भरला नव्हता, पण घरात सगळ्यांना वाटत होतं की विमा चालू आहे. चौथीच्या आरोग्य विम्यात नवरा-बायको आणि मोठी मुलगी. धाकटा तीन वर्षांचा झाला तरी त्याचं नाव त्यात नाही.

यातल्या कुणीच मूर्ख नव्हत्या. पॉलिसी काढली त्या दिवशी सगळं बरोबरच लिहिलं होतं. नंतर लग्न झालं, लेकरं झाली, माणसं गेली, कर्ज झालं, फिटलं. संसार बदलला. कागद मात्र आपोआप बदलत नाही. तो आपल्याला बदलून घ्यावा लागतो. काय बदलता येतं, काय येत नाही, आणि ते कधी आणि कसं करायचं, एवढंच आज सांगते.

आधी एक घडलेली गोष्ट

माझ्या माहेरच्या गावची एक बाई आहे. नाव सांगत नाही. तिचा नवरा टेम्पो चालवायचा. लग्नाच्या तीन वर्षं आधी त्याने तीन लाखांची पॉलिसी काढली होती. तेव्हा घरात आईच होती, म्हणून नॉमिनी आई. बरोबरच होतं. मग लग्न झालं, दोन मुली झाल्या. हप्ते वेळेवर भरले. एका पावसाळ्यात रात्री अपघात झाला आणि तो गेला.

पॉलिसीचे पैसे आले. कागदावर आईचं नाव, म्हणून आईच्या खात्यात आले. म्हातारीला लिहिता-वाचता येत नाही. तिचं खातं धाकटा मुलगा बघायचा. त्या पैशातून घराचा स्लॅब पडला, थोडं देणं फिटलं. सून आज दुसऱ्याच्या वावरात कांदा काढायला जाते.

मी तिला विचारलं होतं, कोर्टात का नाही गेलीस? ती म्हणाली, "ताई, त्याच घरात राहायचं, त्याच चुलीवर भाकरी करायची आणि सासूवर केस करायची, हे कसं जमावं?"

या गोष्टीत कुणी चोरी केली नाही. कंपनीनेही चूक केली नाही. कागदावर जे नाव होतं त्यालाच पैसे दिले. नवऱ्यानेही बायकोला मुद्दाम डावललं नव्हतं. त्याला फक्त कुणी सांगितलं नाही की लग्न झाल्यावर एक अर्ज करायचा असतो.

नॉमिनीचं नाव: सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महत्त्वाचा बदल

नॉमिनी म्हणजे विमाधारक गेल्यावर कंपनी ज्याच्या हातात पैसे देते तो माणूस. १९३८ च्या विमा कायद्यातलं ३९ वं कलम याबद्दल आहे. २०१५ साली त्यात बदल झाला. आई-वडील, नवरा किंवा बायको आणि मुलं यांच्यापैकी कुणी नॉमिनी असेल, तर ते पैसे नुसते सांभाळायला नव्हे, त्यांच्यासाठीच आहेत असं त्यात म्हटलं आहे. बाकीच्या वारसांना हक्क सांगायचा असेल तर त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून कागदावर कुणाचं नाव आहे याला फार किंमत आहे.

चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: पॉलिसी चालू असेपर्यंत नॉमिनी कधीही आणि कितीही वेळा बदलता येतो. जुन्या नॉमिनीची परवानगी लागत नाही. कंपनीकडे शेवटी नोंदलेलं नाव धरलं जातं.

दुसरी: बदल फक्त विमाधारकच करू शकतो. नवऱ्याच्या नावाची पॉलिसी असेल तर अर्जावर सही नवऱ्याची लागते. आपण कितीही वेळा ऑफिसला गेलो तरी आपल्या सहीने ते होत नाही. म्हणून हे घरात बोलावं लागतं, आणि बोलायला जड जातं. "तुम्ही गेल्यावर माझं काय" असं कोण विचारणार? मी बायांना सांगते, तसं विचारू नका. जेवण झाल्यावर आपली पॉलिसी आधी काढा. म्हणा, "माझ्या पॉलिसीवर अजून माझ्या आईचं नाव आहे, तुमचं लावायचं आहे. तुमचीही काढा, दोन्ही एकदमच करून टाकू." आपल्यापासून सुरुवात केली की समोरच्याला संशय येत नाही.

तिसरी: मुलांची नावं लावता येतात आणि वाटाही लिहिता येतो. बायको निम्मा, दोन्ही मुली पाव-पाव, असं चालतं. पण मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर त्याच्या वतीने पैसे घ्यायला एक मोठं माणूस नेमावं लागतं. फॉर्मवर त्याला अपॉइंटी म्हणतात. ही जागा रिकामी सोडू नका, आणि तिथे कुणाचं नाव लिहायचं हे नीट विचार करून ठरवा.

चौथी: नॉमिनी आधी गेला आणि नवीन नाव लावलं नाही, तर पैसे बुडत नाहीत, पण वारसांना आपण वारस असल्याचे कागद कोर्टातून आणावे लागू शकतात. त्यात महिने जातात, वकिलाचे पैसे जातात. त्या सहा वर्षं जुन्या सासऱ्यांच्या नावाची काळजी याचसाठी.

एक बदल मात्र नंतर करता येत नाही, तो आधीच करावा लागतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा एक जुना कायदा आहे. नवरा स्वतःची नवी पॉलिसी काढताना त्या कायद्याखाली बायकोच्या आणि मुलांच्या नावे ती काढू शकतो. मग ते पैसे बायको-मुलांचेच. नवऱ्याच्या सावकाराला किंवा बँकेला त्यावर हात टाकता येत नाही, आणि नवऱ्यालाही नंतर मन बदलून दुसऱ्याचं नाव लावता येत नाही. ज्या घरात धंद्याचं कर्ज आहे, त्या घरात नवी पॉलिसी काढताना एजंटला हे नक्की विचारा. पॉलिसी निघाल्यावर ही सोय जोडता येत नाही.

बँकेतून कापला जाणारा विमा

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या खात्यातून वर्षाला दोन रकमा कापल्या जातात. ४३६ रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. माणूस कोणत्याही कारणाने गेला तरी दोन लाख. २० रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर एक लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे.

यात विम्याची रक्कम वाढवता येत नाही. तीन बँकांत तीन खाती आहेत म्हणून तीनदा ४३६ कापू दिले, तरी क्लेम एकदाच मिळतो. जास्तीचे हप्ते वाया जातात. एकाच खात्यातून चालू ठेवा आणि बाकीच्या बँकांत लेखी देऊन बंद करा. नवरा-बायकोचं खातं एकत्र असेल तर दोघांचाही विमा निघू शकतो, पण हप्ता दोघांचा वेगवेगळा कापला गेला पाहिजे. पासबुकात ४३६ एकदाच दिसत असतील तर विमा एकाचाच आहे. कुणाचा, ते बँकेत विचारा.

मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे नसतील तर विमा थांबतो. मागाहून पुन्हा घेता येतो, पण जीवन ज्योतीमध्ये नव्याने घेतल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून दुसऱ्या कारणाने मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत. वयाचंही बघा. जीवन ज्योतीत वयाच्या ५० व्या वर्षापर्यंत शिरता येतं आणि ५५ पर्यंत विमा चालतो. सुरक्षा विमा १८ ते ७० वर्षांपर्यंत. नॉमिनी बदलायचा तर बँकेत जा. आणि खातं बंद करण्याआधी दहादा विचार करा, कारण खातं गेलं की त्यावरचा विमाही गेला.

आयुर्विम्याची पॉलिसी: काय हलतं, काय हलत नाही

पॉलिसीच्या पहिल्या पानावर एक चौकट असते. तिच्यात चार गोष्टी शोधा: कुणाचा विमा, किती रकमेचा, किती वर्षांचा, आणि हप्ता कधी. यातल्या काही गोष्टी सहज बदलतात, काही अटीवर, काही अजिबात नाही.

पत्ता, मोबाइल नंबर, बँक खातं आणि लग्नानंतरचं नाव सहज बदलतं. नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद आणि आधार लागतं. मोबाइल नंबर बदलणं आपल्याला फालतू वाटतं. पण हप्त्याची आठवण त्याच नंबरवर येते, आणि तो नंबर एजंटचाच निघालेला मी कितीदा पाहिला आहे.

हप्ता कधी भरायचा हेही बहुतेक पॉलिसींत बदलता येतं. वार्षिक, सहामाही, तिमाही, मासिक. ज्या घरात पैसा ऊस गेल्यावर किंवा कापूस विकल्यावर एकदम येतो, तिथे वार्षिक हप्ता सोपा, आणि एकूण पैसेही थोडे कमी भरावे लागतात. जिथे दुधाचा पगार येतो तिथे मासिक बरा. आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून माणसाने स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी काढलेल्या आयुर्विम्याच्या आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही. आपली पावती एकदा तपासा.

आता मोठा प्रश्न: विम्याची रक्कम वाढवता येते का? जुन्या पद्धतीच्या बहुतेक पॉलिसींत येत नाही. कंपनीने हप्ता ठरवला तो त्या दिवशीचं वय आणि तब्येत बघून. आज वय दहा वर्षांनी वाढलं, साखर निघाली, तर त्याच भावात जास्त रक्कम कोण देईल? म्हणून रक्कम वाढवायची तर जुनी पॉलिसी तशीच ठेवून शेजारी दुसरी काढायची. मुदत विमा, म्हणजे टर्म पॉलिसी, त्यासाठी स्वस्त पडते. त्यात शेवटी पैसे परत मिळत नाहीत, पण कमावतं माणूस मध्येच गेलं तर मोठी रक्कम मिळते.

जुन्या पॉलिसीला जोड मात्र देता येते. तिला रायडर म्हणतात. अपघाताचा रायडर, मोठ्या आजाराचा रायडर. काही पॉलिसींत तो नंतरही, पॉलिसीच्या वाढदिवसाला जोडता येतो, काहींत सुरुवातीलाच घ्यावा लागतो. आपल्या पॉलिसीत काय आहे ते शाखेत विचारा. ज्या घरातला माणूस रोज मोटारसायकलवर शहरात जातो, त्या घरात हा प्रश्न विचारायला उशीर करू नका.

हप्ता झेपेना झाला तर

हे सगळ्यात जास्त घडतं. पाऊस पडला नाही, दवाखाना निघाला, हप्ता राहिला. अशा वेळी बाया दोनपैकी एक करतात. लाजेने गप्प बसतात, किंवा पॉलिसी मोडून टाकतात. या दोन्हींच्या मध्ये बरेच रस्ते आहेत.

हप्त्याच्या तारखेनंतर वाढीव मुदत असते. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवस, मासिकला १५ दिवस. तेवढ्या दिवसांत आयुर्विमा चालूच असतो.

ती मुदतही गेली तर पॉलिसी बंद पडते, पण मरत नाही. साधारण पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत पुन्हा चालू करता येते. राहिलेले हप्ते, त्यावरचं व्याज आणि तब्येतीचं लेखी सांगणं लागतं, कधी तपासणीही लागते. तब्येत चांगली असतानाच हे करून घ्या. अधूनमधून कंपन्या विलंब आकारात सूट देणाऱ्या मोहिमा काढतात, तेव्हाही विचारावं.

पुढचे हप्ते भरायचेच नसतील तर पॉलिसी 'पेड-अप' होऊ शकते. म्हणजे हप्ता बंद, विमा लहान. समजा, दोन लाखांची वीस वर्षांची पॉलिसी आहे आणि तुम्ही आठ वर्षं हप्ते भरले. वीसपैकी आठ भरले, म्हणून दोन लाखांचे वीस भाग करून त्यातले आठ घ्यायचे. ८० हजार. पुढे एक पैसा न भरता ८० हजारांचा विमा मुदतीपर्यंत राहतो. आधी जमा झालेला बोनस असेल तर तोही राहतो. जोडलेले रायडर मात्र थांबतात.

तात्पुरती नड असेल तर पॉलिसीवर कर्ज मिळतं. सावकारापेक्षा ते कितीतरी बरं. आणि शेवटचा रस्ता म्हणजे सरेंडर, पॉलिसी मोडून पैसे घेणं. यात बहुधा भरल्यापेक्षा कमी हातात येतं. मोडण्याआधी शाखेतून लेखी घ्या: आज मोडली तर किती मिळतील, पेड-अप केली तर किती राहतील, कर्ज किती मिळेल. तीन आकडे शेजारी शेजारी लिहा आणि मगच ठरवा.

एक सावध राहायची जागा सांगते. कुणी म्हणालं, "ताई, ही जुनी बंद करा, मी तुम्हाला याहून भारी काढून देतो," तर थांबा. नव्या पॉलिसीला वय वाढलेलं असतं. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनी "तुम्ही अमुक माहिती लपवली" असं म्हणून क्लेम नाकारू शकत नाही. जुनी मोडली तर हे तीन वर्षांचं संरक्षणही मोडतं आणि नव्याची तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. आणि समजा घेतलीच, तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत वाचा. पटलं नाही तर परत करता येते. थोडा खर्च कापून पैसे परत मिळतात.

आरोग्य विमा: बदलाचा दिवस नूतनीकरणाचा

दवाखान्याच्या विम्याचं गणित वेगळं आहे. ही पॉलिसी बहुधा एका वर्षाची असते, आणि वर्ष संपताना ती नवी करताना जवळपास सगळं बदलता येतं. रक्कम वाढवणं, माणूस वाढवणं किंवा कमी करणं, दुसरी योजना घेणं. नवीन सून किंवा नवं बाळ आलं तर बऱ्याच पॉलिसींत वर्षाच्या मधेही नाव घालता येतं. पण त्याला ठरावीक दिवसांची मुदत असते. बारशाच्या गडबडीत ती निघून जाते.

रक्कम वाढवताना एक बारीक गोष्ट आहे, आणि तिच्यात बाया फसतात. आधीपासून असलेल्या आजाराला पॉलिसीत वाट पाहण्याचा काळ असतो. तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा. समजा, तुमची तीन लाखांची पॉलिसी आहे, तुम्हाला रक्तदाब आहे आणि तीन वर्षं पूर्ण झाली. म्हणजे त्या तीन लाखांत रक्तदाबाशी जोडलेला आजार बसतो. आता तुम्ही रक्कम पाच लाख केली. वाढलेल्या दोन लाखांसाठी वाट पाहण्याचा काळ नव्याने सुरू होतो. जुन्या तीन लाखांचं काही बिघडत नाही. म्हणून आजार मोठा झाल्यावर रक्कम वाढवू असं म्हणणं म्हणजे विहीर आग लागल्यावर खणणं.

आणि साखर, रक्तदाब, झालेलं ऑपरेशन, काही लपवू नका. "लिहू नका, हप्ता वाढेल," असं कुणी सांगितलं तरी लिहा. आरोग्य विम्यात सलग पाच वर्षं पूर्ण झाली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. पण त्या पाच वर्षांच्या आत दवाखाना लागला आणि लपवलेलं बाहेर आलं, तर ऐन वेळी हात रिकामे राहतात.

कंपनी आवडत नसेल तर वाट पाहण्याची झालेली वर्षं सोबत घेऊन दुसऱ्या कंपनीत जाता येतं. त्याला पोर्टिंग म्हणतात, मोबाइलच्या नंबरासारखंच. अर्ज मात्र मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी करावा लागतो. आणि जुनी पॉलिसी मध्ये तुटू देऊ नका. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत वाढीव मुदतीच्या दिवसांत आजारपण आलं तर त्याचा खर्च सहसा मिळत नाही.

गोठा, शिवार आणि गाडी

इथे थोडक्यात सांगते. गाई-म्हशीच्या विम्यात कानातला बिल्ला हीच ओळख. बिल्ला पडला तर त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि नवा मारून त्याचा नंबर पॉलिसीवर नोंदवून घ्या. जनावर विकलं किंवा विकत घेतलं तर मालकाचं नाव बदलून घ्या. नाहीतर जनावर तुमच्या दावणीला आणि विमा दुसऱ्याच्या नावावर.

पीक विम्यात अर्जावर सोयाबीन आणि वावरात तूर असं चालत नाही. पीक कर्ज घेतलेल्यांनी पीक बदललं तर भाग घेण्याच्या शेवटच्या तारखेच्या दोन कामाचे दिवस आधी बँकेत कळवायचं. विमा नकोच असेल तर सात दिवस आधी लेखी द्यायचं.

जुनी मोटारसायकल विकत घेतली तर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज करा. आरसी बुक बदललं म्हणजे विमा बदलला असं नाही.

अर्ज कसा द्यायचा

तोंडी बदल हा बदल नाही. एजंट म्हणाला "करून टाकतो", साहेब म्हणाले "झालं समजा", त्याला काही अर्थ नाही. बदल झाल्यावर कंपनी शिक्क्याचा कागद देते किंवा पॉलिसीवर नोंद करून देते. त्याला एन्डॉर्समेंट म्हणतात. तो कागद पेटीत आला की बदल झाला.

कंपनीचा छापील फॉर्म असतो. नसेल मिळाला तर साध्या कागदावर लिहा:

"प्रति, शाखाधिकारी. विषय: पॉलिसी क्रमांक अमुक, नॉमिनी बदलण्याबाबत. माझ्या वरील पॉलिसीवर नॉमिनी म्हणून अमुक यांचं नाव आहे. ते बदलून अमुक, नातं अमुक, जन्मतारीख अमुक, यांचं नाव नोंदवावं आणि नोंद झाल्याचं लेखी कळवावं. सोबत पॉलिसी आणि आधारची प्रत जोडली आहे." खाली विमाधारकाची सही किंवा अंगठा, तारीख, आणि अंगठा असेल तर साक्षीदाराची सही.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्या. दुसरीवर शिक्का आणि तारखेची पोच घ्या. कोरा फॉर्म सही करून कुणाच्याही हातात देऊ नका, तो एजंट तुमचा सख्खा भाऊ असला तरी.

पंधरा-वीस दिवसांत काही आलं नाही तर पोच घेऊन पुन्हा जा. दाद लागली नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. विमा नियामकाचा फोन आहे १५५२५५, त्यावर फोन करून तक्रार नोंदवता येते. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा पटेल असं दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीचं उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं, हे लक्षात ठेवा.

पुढच्या बैठकीचं काम

गटाच्या वहीत एक पान आखा. प्रत्येकीच्या नावापुढे लिहा: घरात कोणत्या पॉलिसी आहेत, कुणाच्या नावावर, नॉमिनी कोण आणि ती व्यक्ती आज आहे का, मोबाइल नंबर कुणाचा, पुढचा हप्ता कधी. पॉलिसीचा नंबर लिहायचा तर स्वतःच्या घरच्या वहीत लिहा, सगळ्यांच्या वहीत नको. वर्षातून एक दिवस ठरवून टाका. एका गटाने संक्रांतीनंतरची पहिली बैठक ठरवली आहे. हळदीकुंकवाला जमतो, तिळगूळ देतो, आणि पॉलिसी बघतो.

त्या बैठकीतल्या, सासऱ्यांच्या नावाच्या पॉलिसीवाल्या ताईचं काय झालं ते सांगून थांबते. तिने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो आधी म्हणाला, "मला मारायला निघालीस का?" ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी तोच म्हणाला, "चल, तालुक्याला जायचंच आहे, तो कागदही घे." तासाभराचं काम झालं. बायको आणि मुलगा, निम्मं-निम्मं. मुलगा लहान म्हणून अपॉइंटी त्याची आत्या. पोच पेटीत आहे, आणि शिक्क्याचा कागद आला की ती मला फोन करणार आहे.

माझ्या माहेरच्या त्या बाईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "रेडिओवर सांग. माझं नाव नको सांगू, पण झालं ते सांग." म्हणून सांगितलं.

आज चूल पेटवायच्या आधी पेटी उघडा.